मुलगी परग्रहांवरच्या क्रांत्या वाचते, मोर्चाला येत नाही

पत्राचा सारांश: लिहिणारे गृहस्थ ६८ वर्षांचे आहेत. वडील गिरणी कामगार, ते स्वतःही गिरणी कामगार. १९८२चा संप झाला तेव्हा ते पंचविशीत होते. गेट सभा, पत्रकं, मोर्चे, अकरा दिवसांची कोठडी, मग गिरणी कायमची सुटली. मिळेल ते काम करत संसार झाला, पण चळवळ सुटली नाही. एकुलती एक मुलगी ३२ वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, महिन्यातून दोनदा घरी येते. ती सतत इंग्रजी विज्ञान कादंबऱ्या वाचते. परग्रहांवरच्या संस्कृती, तिथली साम्राज्यं, तिथली बंडं. इथल्या सभेला किंवा मोर्चाला बोलावलं तर मात्र येत नाही. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला तिने वडिलांना अशीच एक कादंबरी दिली आणि आत लिहिलं, ‘बाबा, वाचून झालं की बोलू.’ त्यांनी तीसेक पानं वाचली, नावं डोक्यात राहीनात, पुस्तक कपाटावर गेलं. गेल्या दिवाळीत जेवताना ते म्हणाले, ‘इथलं काही जमत नाही म्हणून तुम्ही लोक परग्रहावर क्रांती करता.’ ती ताटावरून उठली. तेव्हापासून बोलणं आहे, पण कामापुरतं. ते विचारतात, हे वाचन म्हणजे पळवाट नाही का? तिला यातून बाहेर कसं काढावं? आणि शेवटी एक ओळ: ‘माझंच काही शिकवायचं राहून गेलं का?’

नमस्कार,

पुस्तकाचं नाव तुम्ही अगदी शेवटी, कंसात लिहिलंय. अर्सुला ले ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’. ते नाव दिसलं आणि मी तुमचं पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तुमच्या मुलीने हाताला लागेल ती परग्रहाची गोष्ट तुम्हाला दिलेली नाही. चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला देण्यासारखी या प्रकारातली एकच कादंबरी निवडायची झाली असती, तर मीही हीच निवडली असती.

तीस पानांत हे कळणं शक्य नव्हतं, म्हणून थोडं सांगते. कादंबरी १९७४ची. उरास हा सुपीक, श्रीमंत ग्रह. तिथे मालक आहेत, मजूर आहेत, सैन्य आहे. त्याच्या आकाशात चंद्रासारखा दिसणारा अनारेस, कोरडा आणि धुळीने भरलेला. गोष्ट सुरू होण्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षं आधी उरासवर मोठा उठाव झाला, ओडो नावाच्या एका बाईच्या विचारांवर. राज्यकर्त्यांनी तोडगा काढला: तुम्हाला तुमचं वेगळं जग हवंय ना, मग तो कोरडा गोळा घ्या आणि जा. लोक गेले. तिथे त्यांनी सरकार, पोलीस, पैसा, मालकी यांतलं काहीही नसलेला समाज उभा केला. ते जिंकले म्हणायचं की दूर पाठवले गेले, यावर वाद घालता येईल. तो वाद तुम्ही आणि तुमच्या मुलीने घालावा असं मला फार वाटतं.

पण ले ग्विनना रस आहे तो त्याच्या पुढच्या भागात. लढा संपला, मालक गेला, त्यानंतर काय होतं? शेवेक हा अनारेसवर जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ. त्याला छळायला तिथे मालक नाही आणि पोलीसही नाही. तिथे आहे साबुल, त्याचा ज्येष्ठ सहकारी. तो शेवेकच्या कामावर स्वतःचं नाव चढवतो, नको असलेलं छापू देत नाही, आणि हे सगळं समाजाच्या भल्याच्या भाषेत करतो. शेवेकचा मित्र टिरिन एक नाटक लिहितो. लोकांना ते रुचत नाही. त्याला शिक्षा करणारं कुणी नाही, कारण तिथे तशी व्यवस्थाच नाही. फक्त माणसं पाठ फिरवतात, नको त्या कामांवर नेमणुका येत राहतात, आणि तो मोडतो.

तुम्ही चाळीसहून जास्त वर्षं संघटनांमध्ये काढलीत. साबुल तुम्हाला कधी भेटलाच नाही असं तुम्ही म्हणालात, तर मला ते पटणार नाही. टिरिनही भेटला असेल. तुमच्या घरी बैठका होत असणार. लहान मुली चहाचे कप आत-बाहेर नेताना बरंच ऐकतात: कोण फुटलं, कुणाचं नाव पत्रकातून गाळलं, एकाच ध्येयाची दोन माणसं एकमेकांचं तोंड का पाहत नाहीत. हा माझा अंदाज आहे, चुकू शकतो. पण ज्या मुलीने हे पुस्तक वडिलांना दिलं आणि आत ‘बोलू’ असं लिहिलं, ती राजकारणापासून पळते आहे असं मला म्हणवत नाही. तिच्याकडे राजकारणातला एक अवघड प्रश्न आहे आणि तो तिला तुम्हालाच विचारायचा होता. तो दोन वर्षं कपाटावर पडून आहे.

आता पळवाटीबद्दल. तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक हिशेब आहे: न घडलेल्या गोष्टींत घातलेला वेळ म्हणजे घडणाऱ्या गोष्टींमधून चोरलेला वेळ. मला हा हिशेब तपासून पाहावासा वाटतो. तुम्ही गिरणगावात वाढलात, म्हणजे वग पाहिलेत. वगातला राजा कुठल्या नगरीचा, याच्याशी कुणाला घेणं नसायचं. तो प्रधान आणि तो हवालदार खरे कोण, हे पिटातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. काळ नाना फडणवीसांचा, पण तेंडुलकर दाखवत होते ते सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसा घडवते आणि मग कसा टाकून देते, हे. नाटक जुन्या पुण्यात घडतं म्हणून त्याला कुणी पळवाट म्हणत नाही. मग अंतर दोनशे वर्षांचं असेल तर चालतं आणि काही प्रकाशवर्षांचं असेल तर चालत नाही, असं का?

काही ठिकाणी तर हे अंतर ठेवल्याशिवाय लिहिताच येत नव्हतं. आर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की हे दोघे भाऊ सोव्हिएत काळातले लेखक. त्यांची ‘हार्ड टू बी अ गॉड’ या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी १९६४ची. आर्कानार नावाचं परग्रहावरचं राज्य, आपल्या मध्ययुगासारखं. तिथे लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांची शिकार चालू आहे. ती चालवणाऱ्या मंत्र्याचं नाव आधी ‘रेबिया’ ठेवलं होतं. अक्षरं फिरवून बघा, स्टालिनचा पोलीसप्रमुख बेरिया दिसेल. ते फारच उघडं होतं म्हणून बदलून ‘रेबा’ केलं. आधी भावांच्या मनात एक मौजेची साहसकथा होती. पण १९६२च्या डिसेंबरात सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह मॉस्कोच्या एका चित्रप्रदर्शनात नव्या चित्रकारांवर जाहीर भडकले, लेखक-कलावंतांवरचा दाब वाढला, आणि कादंबरीचा सूर काळवंडला.

चीनमधलं उदाहरण याहून अलीकडचं आहे. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मध्ये १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात, एक तरुण मुलगी भर सभेत आपल्या प्राध्यापक वडिलांना मारून टाकलेलं पाहते. पुढे कित्येक वर्षांनी परग्रहावरून इशारा येतो, ‘उत्तर देऊ नका’. ती उत्तर देते. माणसांवरचा तिचा विश्वास कधी आणि कुणी संपवला, हे आपल्याला माहीत असतं. चिनी पुस्तकात हा भाग सुरुवातीला नव्हता, मधल्या प्रकरणांत सरकवलेला होता. इंग्रजी भाषांतरात तो लेखकाच्या मूळ मनासारखा आरंभी आला. एका प्रकरणाची जागा बदलावी लागते, यावरून परग्रहाची गोष्ट किती जमिनीवरची असते ते लक्षात यावं. अरुण साधूंचं चिनी क्रांतीवरचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ तुमच्या पिढीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी वाचलंय, तुम्हीही वाचलं असेल. त्या कहाणीच्या पुढचं एक पान तुमची मुलगी इथे वाचते आहे.

साधूंचं नाव निघालंच आहे तर तुम्हाला एक आठवण करून देते. ज्या माणसाने ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिलं, मंत्रालय आणि कामगार चळवळ ज्याने पत्रकार म्हणून जवळून पाहिली, त्यानेच ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरीही लिहिली. त्यांना ही दोन कामं एकमेकांच्या विरोधातली वाटली नाहीत.

तरी मी एवढ्यावर थांबणार नाही, कारण ‘हे सगळं इथलंच आहे, फक्त वेश बदललेला’ हा बचाव मला अपुरा वाटतो. तुमची मुलगीही त्यावर समाधानी होणार नाही. नुसता मुखवटाच असता, तर तो काढून सरळ इथलं लिहिणं जास्त प्रामाणिक ठरलं असतं. चांगली परग्रहकथा एक वेगळं काम करते. ती जगण्याची एकच अट बदलते आणि मग तिचा पाठलाग करते. ले ग्विन यांच्याच १९६९च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. मग तिथलं दरबारी राजकारण कसं चालेल, मानापमान कसे असतील, आणि ज्या ग्रहाने अजून युद्ध पाहिलेलं नाही तो युद्धाच्या उंबरठ्यावर कसा येतो? लिऊ यांच्या परग्रहाला तीन सूर्य आहेत, ऋतूंचा भरवसा नाही, संस्कृती पुन्हापुन्हा जळून जाते. अशा ठिकाणी सगळी शिस्त जगण्यासाठी आणि भावना म्हणजे चैन, असं राज्य आपोआप उभं राहतं का? ‘द डिस्पझेस्ड’मध्ये बदललेली अट आहे मालकी.

मालकी तिथल्या भाषेतूनसुद्धा गेली आहे. ‘माझं’ हा शब्द माणसं शक्यतो वापरत नाहीत. शेवेकची छोटी मुलगी वडिलांना रुमाल देऊ करते तेव्हा ‘माझा रुमाल’ म्हणत नाही, ‘मी वापरते तो रुमाल’ म्हणते. हे वाचताना मला तुमच्या गिरणगावाची आठवण झाली. तिथली माणसं सर्रास ‘आपली मिल’ म्हणायची. एक वीट नावावर नसताना. मालकीचा शब्द जिभेवर होता आणि मालकी नव्हती, तर त्या ‘आपली’चा अर्थ नक्की काय होता? याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल, आणि तुमच्या मुलीला ते ऐकायचं असेल.

तुमच्या दिवाळीतल्या वाक्याबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार केला. त्यात थोडं खरं आहे, हे मान्य करते. या प्रकारातल्या कितीतरी कादंबऱ्यांत राजकारण म्हणजे नुसते पडदे आणि रोषणाई. सम्राट, गादीचा वारस, अंतराळ तांडे, शेवटी एक शूर एकटा माणूस सगळं बदलतो. त्यात सभा नसते, पावतीपुस्तक नसतं, संप लांबल्यावर घरात पीठ संपतं ते नसतं. अशी पुस्तकं मागोमाग वाचत राहिलं तर क्रांती म्हणजे हुशार माणसांनी एका रात्रीत करायची गोष्ट, असा समज होऊ शकतो. तुमची मुलगी असंही काही वाचत असेल. तुम्हीही कधीतरी थकून आलात की तमाशाला किंवा सिनेमाला गेला असालच.

पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे. तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात: मागच्या वर्षी तिच्या कंपनीत कपात झाली तेव्हा ‘चार-पाच दिवस घरी असूनही नीट जेवली नाही, कुणाकुणाचे फोन, कुणाला अर्ज लिहून दे, रात्री दोनपर्यंत तेच’. तिची स्वतःची नोकरी राहिली होती, हेही तुम्ही लिहिलंय. मग ती कुणाचे अर्ज लिहीत होती? ज्यांची गेली त्यांचे. १९८२ साली तुम्ही चाळीत बसून असेच अर्ज लिहिले असतील. तिच्या हातात झेंडा नव्हता, घोषणा नव्हत्या, म्हणून तुम्हाला ते मोर्चासारखं दिसलं नाही.

सी. जे. चेरी यांच्या १९९४च्या ‘फॉरिनर’ या कादंबरीत एका परग्रहावर अडकलेले माणसांचे वंशज आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यामध्ये एकच अधिकृत दुभाषी असतो. त्या रहिवाशांच्या मनात निष्ठा अतिशय खोल आहे, पण आपण ज्याला मैत्री किंवा माया म्हणतो त्यासाठी त्यांच्याकडे शब्दच नाही. दुभाष्याला हे पाठ आहे, तरी तो पुन्हापुन्हा चुकतो. समोरच्याच्या वागण्यात आपलीच भावना शोधतो, ती सापडली नाही की दुखावतो. ‘राजकारण’ या शब्दाचं तुमच्या घरात असंच झालंय, असं मला वाटतं. तुमच्यासाठी तो शब्द रस्त्यावर उभा राहतो. तिच्यासाठी तो विचारतो की रस्त्यावर उभी राहिलेली माणसं नंतर एकमेकांशी कशी वागली. दोन्ही अर्थ खरे आहेत.

मग करायचं काय? तिला आग्रहाने मोर्चाला न्यावं, असं तुमच्या मनात दिसतं. कदाचित ती एकदा येईलही, वडिलांचं मन राखायला. पण मन राखायला आलेलं माणूस मोर्चात चालत नाही, नुसतं सोबत असतं. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुसरा मार्ग म्हणजे विषयच सोडून देणं, ज्याचं त्याचं वाचन म्हणणं. घरात शांतता राहील. पण कामापुरतं बोलण्याची शांतता तुमच्याकडे आजही आहे आणि तिला कंटाळूनच तुम्ही मला पत्र लिहिलंत. म्हणून माझं सांगणं, पुस्तक वाचा. ती बरोबर आहे की चूक हे ठरवायला नव्हे, तर तुमच्या अनुभवाच्या माणसाने यावर काय म्हणायचं ते ठरवायला.

पहिल्या प्रकरणाशी झटापट करू नका. मी स्वतः ते दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं. कादंबरीची रचना अशी की एक प्रकरण उरासवर आणि पुढचं अनारेसवर, तेही आधीच्या काळातलं. तुम्ही दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा. ते शेवेकच्या बालपणाचं आहे, सरळ आहे. नावं एका कागदावर लिहून ठेवा. नाव, कोण, कुठल्या ग्रहावरचा, बस. इंग्रजी अडत असेल तर त्याची लाज वाटू देऊ नका. उलट तोच तुमचा रस्ता आहे: मुलीला म्हणा, मला हे प्रकरण मराठीत सांग. भाषांतर नको, तू मला गोष्ट सांग. रविवारी अर्धा तास पुरेल. सांगताना तिला तुमचे शब्द लागतील. सिंडिकेटला, म्हणजे तिथल्या मिळून काम करणाऱ्या गटाला, काय म्हणू, पोस्टिंगला, म्हणजे कामावरच्या नेमणुकीला, काय म्हणू, असं ती विचारेल, आणि युनियनच्या भाषेतले नेमके शब्द तुमच्या तोंडात तयार असतील.

बोलताना एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘यातून घ्यायचं काय?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारू नका. आम्हा मोठ्या माणसांची ती खोडच आहे आणि गप्पा तिथेच थांबतात. त्याऐवजी गोष्टीतल्याच एखाद्या माणसाबद्दल विचारा: या साबुलला कुणी अडवलं का नाही? टाकवेर आणि शेवेक, म्हणजे तो आणि त्याची जोडीदार, दुष्काळात चार वर्षं वेगवेगळ्या नेमणुकांवर राहिले. त्यांनी नकार का दिला नाही? आणि तुम्हाला काही पटलं नाही तर ते जोरात सांगा. अनारेस कधीच टिकणार नाही, असं तुम्हाला वाटलं तर तसं म्हणा. तिला मान डोलावणारा श्रोता नको असावा. चाळीस वर्षांचा अनुभव असलेला वाद घालणारा तिला दुसरीकडे कुठे मिळणार?

असंच पत्र मला शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचंही आलं होतं, चौदा वर्षांच्या मुलाबद्दल, आणि सुनेच्या वाचनाबद्दल एका सासूबाईंचंही. त्यांनाही हेच सांगेन: ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याच्या कपाटातलं एक पुस्तक स्वतः वाचा, पण कोणतं वाचायचं ते त्यालाच निवडू द्या. लहान मुलांच्या घरात इंग्रजीपाशी अडायची गरज नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपण नावाने कथा पाठवली तेव्हापासून मराठीत वाचण्यासारखं बरंच जमलंय. आणि पुस्तकातले परग्रहवासी शत्रू म्हणून आले असतील, तर ते शत्रू आहेत हे कुणी ठरवलं, एवढं मुलाला जरूर विचारा. एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली मंगळावरून पृथ्वीवर हल्ला करवला तेव्हा पहिल्याच प्रकरणात वाचकाला ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली होती: युरोपीय वसाहतवाल्यांनी त्यांचा जो संहार केला तो पाहता, मंगळवासीयांना दोष द्यायला आपण कोण? तेव्हापासून हा प्रश्न या गोष्टींच्या आत बसलेला आहे.

तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. माझंच काही शिकवायचं राहून गेलं का, असं तुम्ही विचारलंत.

स्त्रुगात्स्कींच्या त्या कादंबरीत अराता नावाचा एक माणूस आहे. एकामागून एक बंडं उभारण्यात त्याचं आयुष्य गेलं, प्रत्येक वेळी हरला, तरी पुन्हा उभा राहिला. पृथ्वीवरून वेषांतर करून आलेल्या नायकाकडे तो शस्त्र मागतो, आभाळातली वीज मागतो. नायक नकार देतो. तो म्हणतो, तू जिंकलास की साथीदारांना जमिनी वाटाव्या लागतील, जमिनी कसायला माणसं लागतील, आणि उद्याचे जमीनदार तुझ्याच तंबूत बसलेले असतील. अराताला हे कळतं, कारण तो मूर्ख नाही. पण ते कळल्यावर तो बंड सोडत नाही. मी हे पान वाचते तेव्हा माझ्या मनात नायकापेक्षा अराताच जास्त राहतो. कादंबरीतल्या शहाण्या, पुढारलेल्या पृथ्वीवासीयाकडे सगळं ज्ञान आहे, पण हरूनही उठण्याची सवय त्या दुसऱ्या माणसाकडे आहे.

बोगदानोव नावाचे एक रशियन क्रांतिकारक होते, डॉक्टर होते, काही काळ लेनिनचे निकटचे सहकारी. १९०५चा उठाव दडपला गेल्यावर, १९०८ साली, त्यांनी मंगळावरच्या समाजवादी समाजाची कादंबरी लिहिली, ‘लाल तारा’. रस्त्यावरचा लढा हरलेल्या माणसाने ती लिहिली होती. आणि तिथेही सगळं गोड नाही. पृथ्वी ताब्यात घ्यायची तर पृथ्वीवरच्या माणसांचं काय करायचं, यावर ते सुखी, समतावादी मंगळवासी वाद घालतात, आणि त्यांच्यातला एक शांतपणे सांगतो की माणसांना नष्ट करावं. हरलेल्या चळवळीतल्या माणसाला जिंकलेल्या चळवळीचीही भीती वाटत होती, आणि ती त्याने मंगळावर नेऊन लिहिली.

तेव्हा तुमचं काही शिकवायचं राहिलं असं मला वाटत नाही. अन्याय दिसला की अर्ज लिहायला बसायचं हे ती कुठून शिकली, ते पत्र पुन्हा वाचलंत तर तुम्हालाच दिसेल. राहिलंय ते सांगायचं. तुम्ही लिहिलंय की त्या अकरा दिवसांच्या कोठडीबद्दल घरात कधी नीट बोलला नाहीत, पत्नीशीही नाही.

दुसऱ्या प्रकरणात एक प्रसंग येतो. अनारेसवर तुरुंग नाही. शाळेतली मुलं इतिहासात ‘तुरुंग’ हा शब्द ऐकतात आणि त्यांना तो कळत नाही. मग ती खेळ म्हणून एक तुरुंग बनवतात, इमारतीखालच्या एका अंधाऱ्या पोकळीत, आणि आपल्यातल्याच एका मुलाला तीस तास कोंडून ठेवतात. तो स्वतःहून तयार झालेला असतो. दार उघडल्यावर त्याची अवस्था पाहून शेवेकला ओकारी येते.

पुढच्या वेळी ती घरी येईल तेव्हा पुस्तक कपाटावरून खाली काढलेलं असू द्या. तिला दिवाळीतल्या त्या वाक्याबद्दल एकदा सरळ सांगा, ‘माझं चुकलं.’ मग म्हणा, मला ते मुलांचं, तुरुंगाचं पान वाचून दाखव. आणि ते वाचून झालं की तुमच्या कोठडीबद्दल सांगा, पहिल्या रात्रीपासून.